जुनें वाद्य आणि त्याचा धनी



जुन्या वस्तूंचे दोन वर्ग पडतात. कांहीं वस्तूंचें काम संपलेलें असतें. त्या आपण कांचेच्या कपाटांत ठेवतों आणि दुरून पाहतों. शिवकालीन होन घेऊन आज कोणी बाजारांत जात नाहीं. दुसऱ्या कांहीं वस्तू मात्र जुन्या होऊनहि निवृत्त होत नाहींत. देवघरांतील पणजीच्या वेळची समई रोज लावली जाते, तिची वात रोज बदलते, सणावारीं तिला चिंच लावून घासतात, आणि तरीहि ती तीच समई राहते. वाद्यें या दुसऱ्या वर्गांत मोडतात. जुना तंबोरा संग्रहालयांत ठेवला तर तो शोभेचा होईल. पण गवयाच्या घरीं राहिला तर त्याच्या तारा बदलाव्या लागतील, घोडीवरची जवारी पुनः पुनः काढावी लागेल, भोपळ्याला तडा गेला तर तो सांधावा लागेल. मग त्या तंबोऱ्यांतील मूळचें काय उरलें? किती बदललें म्हणजे वाद्य तेंच राहतें, आणि किती बदललें म्हणजे तें दुसरेंच होतें?

हा प्रश्न आज मला एका अर्वाचीन वाद्याच्या निमित्तानें मांडावयाचा आहे. तें वाद्य म्हणजे अमेरिकेंत १९५१ सालीं बाजारांत आलेली, एकच पिकअप असलेली विजेची बेस गिटार. चार जाड तारांचें हें वाद्य संगीताच्या तळाशीं राहून काम करतें. तंबोऱ्यांत खर्जाची तार जशी स्वतः पुढें न येतां सर्व सुरांना आधार देते, तसाच याचा आधार असतो. फरक इतकाच कीं, तंबोऱ्याचा खर्ज एकाच सुरावर स्थिर असतो, आणि बेस गिटारीचा खर्ज गाण्याबरोबर चालत असतो. गेल्या शतकाच्या सातव्या-आठव्या दशकांपासून मुंबईच्या चित्रपटसंगीतांतहि हें वाद्य रुळलें. तेव्हां ज्यांनीं तें डोळ्यांनीं कधीं पाहिलें नसेल, त्यांनींहि तें कानांनीं पुष्कळ वेळां ऐकलेलें आहे.

या वाद्यापूर्वीं खालच्या सुरांचें काम डबल बेस या अवाढव्य लाकडी वाद्याकडे असे. व्हायोलिनच्या घराण्यांतील हें पुरुषभर उंचीचें वाद्य उभें राहून वाजवावें लागतें. गांवोगांव हिंडणाऱ्या वादकांना तें मोटारीच्या टपावर बांधून न्यावें लागे. पितळी कर्णे आणि ढोल एकदां सुरू झाले कीं त्याचा आवाज बुडून जाई. शिवाय त्याच्या दांडीवर पडदे नसल्यामुळें नेमका सूर नेमक्या जागीं सांपडण्यास वर्षांची मेहनत लागे. १९३० नंतरच्या दशकांत साध्या गिटारीला विजेचा आवाज मिळाला, आणि बिचारा बेस वाजविणारा मात्र मागें राहिला.

त्याला पुढें आणण्याचा पहिला खटाटोप कॅलिफोर्नियांत झाला नाहीं. वायव्येकडील सिॲटल शहरांत पॉल टटमार्क नांवाच्या वादकानें १९३६ च्या सुमारास ‘ऑडिओव्हॉक्स ७३६’ या नांवाचें एक वाद्य केलें. तें भरीव लाकडाचें होतें, आडवें धरून वाजवावयाचें होतें, त्याला पडदे होते आणि पिकअप एकच होता. म्हणजे पुढें जें जगभर पसरलें त्याचीं सर्व लक्षणें त्यांत होतीं. तथापि तीं वाद्यें थोडींच झालीं, आणि कल्पना तेथेंच विझली. नवी कल्पना सुचणें ही एक गोष्ट आहे आणि ती रुजण्यास भूमि तयार असणें ही दुसरी, याचें हें चांगलें उदाहरण होय.

ती भूमि पंधरा वर्षांनीं लिओ फेंडर याला मिळाली. याचा जन्म १० ऑगस्ट १९०९ रोजीं दक्षिण कॅलिफोर्नियांतील एका शेतकरी कुटुंबांत झाला. लहानपणींच त्याचा एक डोळा गेला होता. १९३८ सालीं त्यानें फुलर्टन या गांवीं रेडिओदुरुस्तीचें दुकान घातलें. गंमत अशी कीं, ज्याच्या नांवाच्या गिटारी पुढें लाखों लोकांनीं हातीं घेतल्या, त्या या गृहस्थाला स्वतःला गिटार वाजवितां येत नव्हती! तो वादक नव्हता, दुरुस्ती करणारा होता. आणि हीच गोष्ट आपल्या विषयाच्या मुळाशीं आहे.

रेडिओ दुरुस्त करणाऱ्याची वस्तूकडे पाहण्याची एक खास दृष्टि असते. त्याच्या लेखीं रेडिओ ही अखंड वस्तु नसून सुट्या भागांची जुळणी असते. पाठीमागचें झांकण उघडावयाचें, निकामी व्हॉल्व्ह उपटावयाचा, नवा बसवावयाचा, दोन ठिकाणीं डाख द्यावयाचा, कीं झालें काम. फेंडरनें हीच दृष्टि वाद्याला लावली. व्हायोलिन किंवा जुन्या पद्धतीची गिटार यांची दांडी शरीराला सरसानें चिकटविलेली असते. ती सोडविणें हें कुशल कारागिराचें काम. फेंडरनें आपली दांडी चार स्क्रूंनीं आवळली. दांडी वांकली, पडदे झिजले, तर चार स्क्रू काढावयाचे आणि दुसरी दांडी लावावयाची. शरीर म्हणजे ॲश लाकडाची सपाट फळी. दांडी मेपल लाकडाची. आवाजाचीं बटणें धातूच्या एका पट्टीवर बसविलेलीं. प्रत्येक भाग वेगळा, आणि प्रत्येक भाग बदलतां येण्याजोगा.

या पद्धतीची साधी गिटार त्यानें १९५० सालीं काढली, आणि १९५१ च्या अखेरीस तिची थोरली बहीण, म्हणजे बेस गिटार, बाजारांत आणली. तिला वीस पडदे होते. दांडीवर पडदे असल्यामुळें बोट थोडें मागेंपुढें पडलें तरी सूर नेमका निघे. म्हणून तिला ‘प्रिसिजन’, म्हणजे अचूक, असें नांव मिळालें. डबल बेसची कंप पावणारी तार सुमारें ४२ इंच लांब असते. फेंडरनें ती ३४ इंचांवर आणली. इतक्या लांबीच्या तारेला पुरेसा ताण देतां येतो आणि माणसाचा हातहि तिच्या टोंकापर्यंत पोंचतो. हें माप इतकें बेताचें ठरलें कीं, आजहि जगांतील बहुतेक बेस गिटारी ३४ इंचांच्याच होतात. सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारें ४१ वेळां कंप पावते. एवढा खोल आवाज बाहेर काढण्यासाठीं फेंडरनें पुढच्याच वर्षीं ‘बेसमन’ नांवाचा स्वतंत्र ध्वनिवर्धकहि काढला.

आतां या वाद्याच्या हृदयाकडे वळूं. १८३१ सालीं मायकेल फॅरेडे यानें दाखवून दिलें कीं, तांब्याच्या तारेच्या वेटोळ्यांत लोहचुंबक मागेंपुढें केलें तर त्या वेटोळ्यांत वीज उत्पन्न होते. शाळेंत हा प्रयोग करतांना यंत्राची सुई हलली कीं मुलांच्या तोंडावर जो आनंद दिसे, तो मी अजून विसरलों नाहीं. पिकअप हा त्याच प्रयोगाचा एक प्रकार. येथें लोहचुंबक व वेटोळें हीं दोन्हीं स्थिर असतात. त्यांच्यावर ताणलेली पोलादी तार कंप पावते, तिच्यामुळें चुंबकाचें क्षेत्र हालतें, आणि वेटोळ्यांत त्या कंपाची हुबेहूब नक्कल करणारा अत्यंत क्षीण विद्युत्प्रवाह निघतो. ध्वनिवर्धक तो मोठा करतो. लाकडाची पोकळी आणि तिच्यांतील हवा यांच्याऐवजीं येथें तांबें आणि चुंबक गातात.

पिकअप एकच असण्याचा परिणाम काय होतो? तारेच्या कोणत्या भागाखालीं पिकअप आहे यावर आवाजाची जात ठरते. घोडीजवळ असेल तर आवाज कडक व टोंकदार, दांडीकडे असेल तर गोल व भरदार. दोन पिकअप असलेल्या वाद्यांत बटणें फिरवून या दोहोंचें मिश्रण करतां येतें. फेंडरनेंच असें दोन पिकअपांचें ‘जाझ बेस’ हें वाद्य १९६० सालीं काढलें. ‘प्रिसिजन’ला मात्र एकच वाणी. आवाज कमीजास्त करण्याचें एक बटण, आणि तीक्ष्णपणा कमी करण्याचें दुसरें, बस्स! बाकी जें कांहीं साधावयाचें तें वाजविणाऱ्यानें बोटांनीं साधावयाचें. या दारिद्र्यामुळेंच कित्येक वादकांच्या हाताला वळण लागलें, आणि याच दारिद्र्यामुळें कित्येक मालकांना त्यांत दुसरा पिकअप बसविण्याचा मोहहि झाला.

पण मालकांच्या मोहाकडे जाण्यापूर्वीं खुद्द निर्मात्याचें वर्तन पाहणें इष्ट होईल. १९५१ चा पिकअप म्हणजे एकच वेटोळें, आणि प्रत्येक तारेखालीं एक चुंबक. असल्या वेटोळ्यांत तारेच्या आवाजाबरोबर घरांतल्या विजेची गुणगुणहि शिरते. १९५७ सालीं फेंडरनें त्याचे दोन तुकडे केले. एक तुकडा दोन तारांखालीं, दुसरा उरलेल्या दोन तारांखालीं; दोहोंचे चुंबक परस्परविरुद्ध, आणि वेटोळींहि परस्परविरुद्ध दिशांचीं. बाहेरची गुणगुण दोहोंत उलटसुलट येऊन आपोआप मिटते, तारांचा आवाज मात्र शाबूत राहतो. शिवाय प्रत्येक तारेसाठीं एकाच्या जागीं दोन चुंबक ठेवल्यामुळें तार छेडतांक्षणीं बसणारा धक्काहि सौम्य झाला. दिसण्यांत तुकडे दोन असले तरी विजेच्या हिशेबानें हा पिकअप एकच. आज ‘प्रिसिजन’चा म्हणून जो आवाज जग ओळखतें तो १९५१ चा नव्हे, या १९५७ च्या दुरुस्तीचा होय.

आणि ही कांहीं एकुलती एक दुरुस्ती नव्हती. पहिल्या गिटारींच्या धारदार कडा छातीला व हाताला टोंचत, म्हणून १९५४ सालीं त्या गोलसर केल्या. पहिल्या घोडीवर दोन-दोन तारांना मिळून एकच आधार असे. १९५७ पासून प्रत्येक तारेला स्वतंत्र आधार दिला. १९५९ सालीं मेपलच्या दांडीवर शिसवी जातीच्या लाकडाची पट्टी आली. हें शिसव प्रथम ब्राझिलचें होतें; साठोत्तर दशकाच्या उत्तरार्धांत त्याची जागा हिंदुस्थानच्या शिसवीनें घेतली. पहिल्या वाद्यांत तारांच्या खालच्या बाजूस बोटें अडकविण्यासाठीं एक लांकडी आधार असे, कारण वादक अंगठ्यानें तार छेडील असा निर्मात्याचा अंदाज होता. वादकांनीं बोटांनीं वाजविण्यास सुरुवात केली, आणि मग कारखान्यानेंहि १९७४ सालीं तो आधार उचलून वरच्या बाजूस, अंगठा टेंकण्यासाठीं, आणला! ज्या वाद्याचा निर्माताच सारखा त्यांत हात घालीत होता, त्याचें ‘मूळ रूप’ कोणतें म्हणावयाचें?

आतां वादकांकडे येऊं. दोन उदाहरणें मी मुद्दाम परस्परविरुद्ध घेतलीं आहेत.

पहिलें जेम्स जेमर्सन याचें. हा १९३६ सालीं साऊथ कॅरोलायनांत जन्मला, डेट्रॉइट शहरांत डबल बेस शिकला, आणि १९५९ पासून मोटाऊन या ध्वनिमुद्रिकांच्या संस्थेंत वाजवूं लागला. त्या संस्थेच्या अनेक गाजलेल्या गीतांचा तळ त्याच्या हातचा आहे. पण त्याचें नांव ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर छापून येण्यास १९७१ साल उजाडावें लागलें. त्याची गिटार १९६२ ची साधी ‘प्रिसिजन’ होती. तिच्यांत त्यानें कांहींहि बदल केला नाहीं. त्यानें तारासुद्धां बदलल्या नाहींत. तुटेपर्यंत त्याच जाड, सपाट गुंडाळीच्या तारा तो ठेवी. घोडीवरच्या झांकणाखालीं स्पंजाचा तुकडा असे, त्यामुळें सूर थोडक्यांत विझे, आणि डबल बेसची आठवण करून देणारा ठोस आवाज निघे. उजव्या हाताच्या एकाच बोटानें तो हें सर्व वाजवी.

दुसरें उदाहरण इंग्लंडमधील जॉन एंटविसल याचें. ‘द हू’ या त्याच्या ताफ्यांत कार्यक्रमाच्या शेवटीं वाद्यें फोडण्याची रीत होती. १९६७ सालीं त्यानें अशा पांच मोडक्या बेस गिटारींचे धड राहिलेले भाग घेतले, आणि स्क्रूपिळणी व डाखाची कांब एवढ्या साहित्यानिशीं त्यांतून एक सबंध गिटार उभी केली. तिचें नांव त्यानें ‘फ्रँकेन्स्टाईन’ ठेविलें, आणि तीच त्याची आवडती गिटार झाली. त्याच्या मृत्यूनंतर २००३ सालीं लंडनच्या सदबीज या लिलावघरांत ती विकली गेली. तारांच्या बाबतींतहि तो जेमर्सनच्या दुसऱ्या टोंकाला होता. १९६६ सालीं रोटोसाऊंड या तारा करणाऱ्या कारखान्याबरोबर त्यानें गोल गुंडाळीच्या, पियानोसारख्या झणझणीत वाजणाऱ्या नव्या तारा घडविल्या.

एकानें कांहींच बदललें नाहीं, दुसऱ्यानें सर्वच बदललें. वाद्याचा अपराधी कोणाला म्हणावें? माझ्या मतें कोणालाच नाहीं. दोघांनींहि तें वाद्य ज्या कामासाठीं झालें होतें त्याच कामाला लावलें.

याहून मोठें बंड पडद्यांच्या बाबतींत झालें. ज्या पडद्यांमुळें या वाद्याला ‘अचूक’ हें नांव मिळालें, तेच पडदे उपटून काढून, त्यांच्या खांचा बुजवून, दांडी व्हायोलिनसारखी सपाट करण्याची प्रथा पडली. जाको पास्टोरियस या वादकानें आपल्या दोन पिकअपांच्या फेंडर बेसवर हेंच केलें, आणि १९७६ सालच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेनें जगाला थक्क केलें. कारखाना तरी मागें कां राहील? फेंडरच्या कंपनीनें १९७० सालींच बिनपडद्याची ‘प्रिसिजन’ काढली होती. म्हणजे नांव अचूक, आणि अचूकपणाची जबाबदारी पुनः वादकाच्या कानावर!

येथपर्यंत ही गिटार केवळ एक हत्यार होती. सुताराला पटाशी तशी वादकाला ती. मग तिची ‘पुराणवस्तु’ केव्हां झाली? याचें उत्तर ५ जानेवारी १९६५ या तारखेंत आहे. त्या दिवशीं लिओ फेंडरचा धंदा सीबीएस या बलाढ्य आकाशवाणी-कंपनीनें १ कोटि ३० लक्ष डॉलरांना घेतला. पुढील वर्षांत उत्पादन वाढलें आणि कसब उतरलें अशी वादकांची तक्रार सुरू झाली. ती सर्वस्वीं खरी असो वा नसो, ‘पूर्वींच्या चांगल्या होत्या’ ही भावना मात्र पक्की झाली. १९७० नंतर जुन्या गिटारी शोधून घेणारे लोक निघाले, त्यामागोमाग व्यापारी आले, आणि व्यापाऱ्यांमागोमाग खोटेपणाहि आला.

खोटेपणास या वाद्याची घडणच अनुकूल आहे. चार स्क्रू काढले कीं एका गिटारीची दांडी दुसरीला लागते. म्हणून खरीदणारा आधीं ते चार स्क्रू काढून दांडीच्या टोंकावर पेन्सिलीनें किंवा शिक्क्यानें घातलेली तारीख पाहतो. मग तो बटणांच्या पाठीवरचे आंकडे वाचतो. त्यांतील पहिले तीन अंक कारखान्याचे, पुढचे वर्षाचे आणि आठवड्याचे असतात; उदाहरणार्थ ३०४ हा स्टॅकपोल कारखान्याचा अंक, आणि त्यापुढें ६२१२ असलें तर तो भाग १९६२ च्या बाराव्या आठवड्यांतला. अर्थात् यावरून गिटार त्याच्या आधींची नाहीं एवढेंच सिद्ध होतें; भाग फळीवर वर्षभर पडून राहिला असेल तर ती नंतरची असूं शकते. शेवटीं तो डाखाचे ठिपके न्याहाळतो. ते कारखान्यांतलेच आहेत, कीं मागाहून कोणी कांब लावली आहे? इतिहासाचा अभ्यासक जुन्या कागदावरील शाई व मोडी अक्षराचें वळण तपासतो, त्यांतलाच हा प्रकार.

आणि येथेंच मालकाची पंचाईत सुरू होते. १९५१ सालीं ही गिटार सुमारें २०० डॉलरांना मिळे. आज पन्नास-साठ सालांमधील अस्सल नगाला कित्येक लाख रुपये पडतात. पण ‘अस्सल’ म्हणजे काय? मूळ रंग खरवडून नवा दिला तर किंमत निम्म्यावर येते, असा व्यापाऱ्यांचा ठोकळ हिशेब आहे. दुसऱ्या पिकअपसाठीं खांच कोरली असेल तर ती आणखी घसरते. १९७० नंतरच्या दशकांत अशा खांचा शेंकड्यांनीं कोरल्या गेल्या, कारण तेव्हां ती केवळ एक जुनी, स्वस्त गिटार होती. कोरणाऱ्यांना नांवें ठेवण्याचें कारण नाहीं. आपल्याकडे नाहीं का सागवानी वाड्यांच्या कोरीव तुळया एके काळीं जळाऊ लांकडाच्या भावानें गेल्या? किंमत कळते ती वस्तु दुर्मिळ झाल्यावर; आणि ती दुर्मिळ होते तीच मुळीं किंमत न कळल्यामुळें.

मग आज ज्याच्या हातीं अशी गिटार आली त्यानें काय करावें? कपाटांत ठेवावी, कीं वाजवावी? वाजवावी म्हटलें तर ती सुधारावी कीं नाहीं?

या बाबतींत मला एक कसोटी योग्य वाटते. मालक एकामागून एक येतात. वाद्याला मात्र एकच आयुष्य असतें. तेव्हां आपल्या नंतरच्या मालकाला पुसून टाकतां येईल एवढाच बदल आपण करावा. तारा बदलल्या तर पुनः बदलतां येतात. स्पंज घातला तर काढतां येतो. घोडी बदलली, पण नवे भोक पाडलें नाहीं आणि जुनी जपून ठेविली, तर कांहीं बिघडत नाहीं. तीक्ष्णपणाच्या बटणामागचा कंडेन्सर बदलून आवाजाचा कल थोडा फिरवितां येतो. तेथें डाखाचा मूळ ठिपका मात्र एकदां वितळला कीं कायमचा गेला, म्हणून संपूर्ण मूळ स्थितींतील गिटारीच्या पोटांत सहज हात घालूं नये. याउलट लाकूड कोरणें, रंग खरवडणें, खुंट्यांचीं भोकें मोठीं करणें, हीं कामें परतीचीं नाहींत. पटाशीनें काढलेलें लाकूड पैशानें परत येत नाहीं. काढलेला प्रत्येक भाग, तो कितीहि क्षुद्र असो, एका पेटींत घालून गिटारीबरोबर ठेवावा, आणि पेटींत काय काढलें व केव्हां काढलें याची चिठी ठेवावी. घरांत जुने दस्तऐवज नीट बांधून ठेवणाऱ्यांना हें सांगावयास नको.

झिजणाऱ्या भागांची गोष्ट निराळी. पडदे वापरानें झिजतातच. तंबोऱ्याची जवारी जशी खराब होते तसेच. झिजलेले पडदे बदलणें ही मोडतोड नसून सेवा आहे. जी गिटार वाजत नाहीं तिचे पडदे मूळचे आहेत, या फुशारकीला फारसा अर्थ नाहीं. ब्राझिलच्या शिसवीच्या पट्टीची काळजी मात्र वेगळ्या कारणानें घ्यावी लागते. १९९२ पासून त्या झाडाच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय कराराचें कडक बंधन आहे. तसलें लाकूड असलेलें वाद्य विकण्यासाठीं देशाबाहेर पाठवावयाचें तर आधीं कागदपत्रें जमवावीं लागतात. ती पट्टी मोडली तर तशीच दुसरी बाजारांत सहज मिळेल, या भरंवशावर राहूं नये.

ज्यांना प्रयोगच करावयाचे आहेत त्यांना वाट मोकळी आहे. १९८२ पासून फेंडर कंपनीनें आपल्याच १९५७ व १९६२ च्या गिटारींच्या प्रतिकृति काढल्या आहेत. त्या हव्या तशा कोराव्या. शिवाय जी जुनी गिटार आधींच कोणी कोरून ठेविली आहे तिच्यावरहि संग्राहकांचा डोळा नसतो. वादकाला ती त्या मानानें स्वस्त मिळते, आवाज तोच देते, आणि चार लोकांत वाजवितांना ओरखडा पडेल म्हणून जीव टांगणीला लागत नाहीं. माझ्या मतें वापरणाऱ्या मनुष्यानें असलीच गिटार शोधावी. उलट १९९५ पासून त्याच कंपनीनें नव्या गिटारींवर मुद्दाम ओरखडे पाडून, रंग घासून, त्या जुन्या भासवून विकण्याचा धंदाहि सुरू केला आहे. तरुणांनीं पांढऱ्या मिशा लावून वडीलकी मिरवावी, तसा हा प्रकार मला वाटतो. पण तो चालतो खरा, यावरूनच जुनेपणाची भूक किती वाढली आहे तें दिसतें.

येथें ‘मूळ’ या शब्दाचाहि थोडा विचार केला पाहिजे. कारखान्यांतून निघाली त्या क्षणींची स्थिति म्हणजे मूळ, असें संग्राहक मानतात. पण त्या क्षणीं गिटारीला इतिहासच नसतो. जेमर्सनच्या गिटारीवरच्या त्या निर्जीव झालेल्या तारा आणि झांकणाखालचा तो दबलेला स्पंज काढून कोणी तिच्यावर कारखान्याच्या यादीबरहुकूम कोऱ्या तारा चढविल्या असत्या, तर ती अधिक अस्सल झाली असती, कीं कमी? आणि ‘फ्रँकेन्स्टाईन’चे पांच भाग वेगळे करून ज्याचे त्याला परत दिले असते, तर त्या पांचांपैकीं एकीची तरी किंमत राहिली असती काय? वापरानेंहि वस्तूवर लेख कोरला जातो. जुनी वस्तु हातीं आली कीं मालकानें पहिल्यानें तो लेख वाचावा. कारखान्याचा लेख कोठें संपतो आणि माणसाचा कोठें सुरू होतो तें ओळखावें. आणि मगच हत्यार उचलावें.

लिओ फेंडरनें स्वतः शेवटपर्यंत हत्यार खालीं ठेविलें नाहीं. धंदा विकून झाल्यावर १९७६ सालीं त्यानें म्यूझिक मॅन या दुसऱ्या कंपनींतून ‘स्टिंगरे’ नांवाची नवी बेस गिटार आणली. तिलाहि पिकअप एकच. मात्र तो घोडीकडे सरकविलेला, आणि पोटांत बॅटरीवर चालणारा छोटासा ध्वनिवर्धक. म्हणजे पंचवीस वर्षांनींहि तो आपल्याच पहिल्या कल्पनेची दुरुस्ती करीत होता. २१ मार्च १९९१ रोजीं तो निवर्तला.

जेमर्सनची ती १९६२ ची गिटार १९८३ सालीं, त्याच्या मृत्यूच्या थोडेंच आधीं, चोरीस गेली. कारागिरानें हातीं घेऊन मोजावी, तपासावी, अशी ती आज कोणापुढें नाहीं. राहिला आहे तो तिचा आवाज. पण तीच जातीची, त्याच सालांची कांहीं वाद्यें अजून लोकांच्या घरीं आहेत. कांहीं खाटेखालीं पेटींत, कांहीं रोज वाजणारीं. त्यांची संख्या आतां वाढणार नाहीं, कमीच होणार. ज्याच्याकडे त्यांतलें एखादें असेल त्यानें तें जरूर वाजवावें, तारा आपल्या आवडीच्या चढवाव्या, झिजले तर पडदे घालावे. फक्त पटाशी हातीं घेण्यापूर्वीं एक रात्र जाऊं द्यावी.